नवे तंत्र, सरकारी दप्तर आणि दाद

पेशवाईचा अस्त होऊन अवघी सहा वर्षे लोटली असताना, म्हणजे १८२४ साली, मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या एका तरुण मुलकी अधिकाऱ्याने जमिनीची एक अपूर्व पैमाष आरंभिली. प्रत्येक शेताचे ढोबळ उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न ठरवावे आणि त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा पंचावन्न सरकारचा धारा म्हणून घ्यावेत, अशी ती योजना होती. विलायतेत त्या काळी नुकत्याच प्रतिष्ठा पावलेल्या अर्थशास्त्रीय सिद्धान्ताचा तिला आधार होता, आणि त्या पिढीच्या दृष्टीने ते अगदी अद्ययावत तंत्र होते. चार वर्षांत मोजणी पुरी झाली, १८३० साली आकारणी लागू झाली, आणि थोड्याच अवधीत शेते पडीक पडून कित्येक कुळे शेजारच्या निजामी मुलखात निघून गेली. शोधाअंती असे दिसून आले की सिद्धान्त कितीही सूक्ष्म असला तरी त्याला पुरविलेली मापे आणि प्रतवारी खालच्या कामगारांनी लाच घेऊन वा अंदाजाने भरलेली होती, आणि हिशेब इतका गहन होता की ज्याच्या माथी तो बसला त्या रयतेला तो पडताळून पाहण्याची सोय नव्हती. पुढे १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत सुरू केली, ती पुष्कळ साधी होती: त्या भागाचा पूर्वीचा वसूल पाहून एकंदर आकार ठरवावा, जमिनीचा रंग व खोली पाहून तो शेतवार वाटावा आणि तीस वर्षे त्याला हात लावू नये. हीच पद्धत टिकली व इलाखाभर पसरली.

शासनाने उदयोन्मुख तंत्राचा उपयोग करून लोकसेवा कशी सुधारावी, हा आज जगभर चर्चिला जाणारा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे हे यावरून ध्यानी यावे. त्याची सारी अंगे त्या एका प्रसंगात बीजरूपाने आढळतात: मूळ माहितीचा खरेपणा, नागरिकाला कळेल असा हिशेब, आणि चूक झाल्यास दाद. गेल्या चाळीस वर्षांत संगणक, उपग्रह, ड्रोन, भ्रमणध्वनी, बोटांच्या ठशांची यंत्रे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता अशी साधने एकामागून एक सरकारी कचेऱ्यांत आली. त्यांपैकी कोणत्या साधनाने लोकांचे खरोखर हित झाले आणि कोणत्याने केवळ कचेरीची सोय झाली, याचा आढावा घेताना मला एकच कसोटी निर्णायक वाटते. यंत्राने केलेली चूक शोधण्याचा, सांगण्याचा आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करून घेण्याचा मार्ग नागरिकाला त्याच्या भाषेत व त्याच्या गावाच्या आवाक्यात मोकळा असेल, तर ते तंत्र लोकसेवेचे साधन होते. तो मार्ग बंद असेल, तर तेच तंत्र जुन्या अन्यायाला वेग देते. पुढील विवेचनात साध्या हिशेबापासून आरंभ करून, दप्तर, ओळख आणि शेवटी अनुमान अशा चढत्या क्रमाने मी ही कसोटी लावून पाहणार आहे. कारण यंत्र जसजसे माणसाच्या निर्णयाच्या जवळ येते, तसतशी दादेची गरज वाढत जाते.

रांग आणि हिशेब

सर्वांत निर्विवाद यश पाहावयाचे असेल तर ते रेल्वेच्या आरक्षणात पाहावे. १९८५-८६ साली दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, त्यापूर्वी प्रत्येक गाडीची नोंदवही एका विशिष्ट खिडकीमागे असे. कोणत्या गाडीसाठी कोणत्या रांगेत उभे राहावयाचे हे ठाऊक असणे हीच एक विद्या होती, आणि वहीत जागा शिल्लक आहे की नाही हे खिडकीमागच्या कारकुनाखेरीज कोणास कळत नसे. संगणक आल्यावर कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रतीक्षायादीतील आपला क्रमांक प्रवाशाच्या हाती छापील येऊ लागला. दलालांचा उपद्रव त्यामुळे समूळ नष्ट झाला असे नाही. तथापि नियम साधा होता, सर्वांना सारखा होता आणि आपल्यावर अन्याय झाला की काय हे प्रवाशाला स्वतः ताडून पाहता येत होते. यंत्राने येथे कोणाची पात्रता ठरविली नाही, केवळ रांग उघड केली, आणि म्हणूनच हा बदल लोकांनी मनापासून स्वीकारला.

याच्या उलट बोध देणारा एक प्रयोग आपल्याच भूमीत झाला. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरील वारणा परिसरातील सत्तर गावांत, तेथील सहकारी संस्थांच्या आधारे, संगणक-केंद्रे उभारण्यात आली. बाजारभाव, शेतीसल्ला, जमिनीचे उतारे, शिक्षण असे पुष्कळ संकल्प त्यामागे होते. परंतु काही वर्षांनी संशोधकांनी तेथे जाऊन पाहिले तेव्हा शेतकरी त्या केंद्रांकडे मुख्यत्वे तेथील साखर कारखान्याशी निगडित अशा मोजक्याच कामांसाठी येत असल्याचे त्यांना आढळले: उसाचे वजन किती भरले, खत किती उचलले, बिल किती जमा झाले. तेव्हा महागडे संगणक बाजूस सारून साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने तेच काम करून पाहण्यात आले, आणि ते कमी खर्चात, अधिक सुलभतेने झाले. वारणेच्या शेतकऱ्याला काय हवे होते हे कारखान्याच्या गेटवर उभे राहून विचारले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते. तंत्र आधी आणि गरज मागाहून, हा क्रम सरकारी योजनांत आजही वारंवार दिसतो, आणि त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीला मोजावी लागते.

जमिनीचे दप्तर

हिशेबाहून अवघड काम दप्तराचे. आपल्या शेतकऱ्याचे अर्धे आयुष्य ज्या कागदाभोवती फिरते तो सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा संयुक्त उतारा. पहिल्यात अधिकार, दुसऱ्यात पिके. पीककर्ज, नुकसानभरपाई, खरेदीखत, कोर्टातला जामीन, यांपैकी काहीही त्यावाचून अडते. त्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडण्यात किती दिवस आणि किती चिरीमिरी गेली असेल याचा हिशेब कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही, परंतु खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

या क्षेत्रात कर्नाटकाने देशाला वाट दाखविली. या शतकाच्या आरंभी तेथे ‘भूमी’ नावाने जवळजवळ दोन कोटी भूमिलेख संगणकात घालण्यात आले आणि १७७ तालुक्यांच्या ठिकाणी खिडक्या उघडून पंधरा रुपयांत उतारा देण्याची व्यवस्था झाली. तिचे यश संगणकापेक्षाही तिच्याबरोबर घेतलेल्या तीन निर्णयांत होते: हस्तलिखित उतारा बेकायदेशीर ठरविला, फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढण्याचे बंधन घातले, आणि अधिकाऱ्याने आपल्या बोटाचा ठसा दिल्यावाचून संगणकात नोंद होऊ नये अशी तजवीज केली, जेणेकरून केलेले काम नाकारण्यास त्याला वाव उरू नये. तरीही पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले की लाचलुचपतीने काही ठिकाणी केवळ आपले स्थान बदलले, आणि बंगळूरच्या परिघावर मोठ्या प्रमाणावर जमिनी खरेदी करणाऱ्यांना ही एकत्रित माहिती छोट्या शेतकऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडली.

महाराष्ट्रात हे काम जमाबंदी आयुक्तांच्या देखरेखीखाली अधिक सावकाश, पण कदाचित अधिक खोल झाले. हस्तलिखित सातबारे संगणकात चढविताना क्षेत्राचे आकडे, खातेदारांची नावे, गटक्रमांक, इतर हक्कांतील बोजे यांत असंख्य चुका राहिल्या, आणि त्या चुका आता सुबक छापील अक्षरांत दिसू लागल्याने त्यांना नसलेले प्रामाण्य लाभले. त्यावर शासनाने २०१७ साली जो उपाय योजला तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा वाटतो: गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातील नोंदी गावकऱ्यांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवायच्या, ज्याचे क्षेत्र चुकले त्याने तेथेच हरकत नोंदवावयाची, आणि शेजारचा बांधकरी साक्षीला आहेच, अशी ही व्यवस्था होती. नव्या यंत्राची तपासणी करण्यासाठी जुन्या लोकसंस्थेचा असा उपयोग जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल. आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, आणि त्याच्यावर बँक व कचेरी विश्वास ठेवतात, याचे श्रेय संगणकाइतकेच त्या वाचनालाही आहे.

परंतु उतारा मिळणे आणि उतारा खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० अन्वये फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही साखळी संगणकावर आणल्याने प्रकरण कोठे अडले हे दिसू लागले, एवढे निश्चित. तथापि वारसनोंदीचा अर्जच आला नाही तर संगणक काय करणार? आजे-पणजे निवर्तून दशके लोटली तरी त्यांची नावे उताऱ्यावर खातेदार म्हणून नांदत होती, आणि त्यांच्या नातवंडांना त्यामुळे कर्ज मिळत नव्हते. २०२५ साली शासनाला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढून तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मृत खातेदारांच्या याद्या करण्यासाठी पुन्हा गावात पाठवावे लागले. माहिती ताजी ठेवण्याचे काम शेवटी माणसाच्या पायांनीच होते.

ज्या ठिकाणी तंत्राने खरोखर नवी वस्तू निर्माण केली ते क्षेत्र म्हणजे गावठाण. शेतजमिनीची मोजणी महसुलासाठी झाली, परंतु गावठाणातील घरांवर धारा नसल्याने बहुसंख्य गावठाणे मोजणीवाचून राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचा मालकीचा कागद लोकांपाशी नव्हता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ या नावाने केंद्र सरकारने अशी मोजणी देशभर हाती घेतली. आकाशातून घेतलेले चित्र भिंती अचूक दाखविते. पण भिंतीपलीकडचे अंगण कोणाचे, पायवाटेचा हक्क कोणाला, भावाभावांत वाटणी झाली आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. म्हणून मोजणीपूर्वी चुन्याने हद्दी आखून घेणे आणि मोजणीनंतर चौकशी अधिकाऱ्यापुढे हरकती ऐकणे हे टप्पे घाईने उरकले जाता कामा नयेत. मिळकत पत्रिकेची खरी किंमत त्या टप्प्यांत ठरते.

पिकांच्या नोंदीतही असाच बदल झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वी तलाठी बसल्या जागी जी नोंद करी ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, छायाचित्र काढून करावी अशी मुभा मिळाली. आपल्या पिकाची नोंद आपण करावी यात स्वाभिमान आहे. मात्र ज्याच्या शिवारात रेंज नाही किंवा ज्याचा मुलगा पुण्यात असून घरी साधाच फोन आहे, त्याची नोंद राहून गेली तर नुकसानभरपाईचा हक्क बुडू नये, यासाठी गावात साहाय्यक नेमणे हा उपकार नसून योजनेचाच भाग मानला पाहिजे. अलीकडे ब्लॉकचेन नावाच्या, न पुसता येणाऱ्या नोंदीच्या तंत्राविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे आपल्या अधिकार अभिलेखातील नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते. ती मालकीची अंतिम सनद नव्हे. जेथे मूळ नोंदच वादग्रस्त आहे तेथे ती अमिट करणे म्हणजे दादेचा दरवाजा आतून बंद करणे होय.

ओळख आणि हक्काचे धान्य

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्याच्यापाशी जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही, अशा माणसाला सरकारदरबारी आपण आहोत एवढे तरी सिद्ध करता यावे, हा त्यामागचा हेतू थोर होता, आणि अनेकांच्या बाबतीत तो सफळही झाला. पण ओळख पटविण्याचे साधन आणि हक्क देण्याची अट या दोहोंतील अंतर पुढे हळूहळू मिटत गेले, आणि सेवेचा सारा प्रश्न त्या अंतरात दडलेला आहे.

या बाबतीत देशातच दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अविभक्त आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी व निवृत्तिवेतन बोटांच्या ठशांच्या स्मार्ट कार्डाने देण्याची पद्धत काही मंडलांत आधी व काही मंडलांत नंतर सुरू झाली, त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना तिचे परिणाम काटेकोरपणे तपासता आले. मजुरी लवकर मिळू लागली, गळती घटली, आणि गरिबांचा योजनेतील प्रवेश आकुंचन पावला नाही. त्याच अभ्यासकांपैकी काहींनी पुढे झारखंडात शिधावाटपासाठी आधारच्या ठशाची सक्ती झाल्यावर काय घडले ते पाहिले. तेथे सक्तीने सुरुवातीस गळती काही कमी झाली नाही, उलट ज्यांच्या शिधापत्रिकेला आधार जोडलेला नव्हता त्यांच्या पदरी पडणारे धान्य घटले. यंत्र जवळजवळ तेच होते. फरक असा की आंध्रात ज्याच्यापाशी कार्ड नव्हते त्यालाही मजुरी मिळण्याची वाट मोकळी ठेवली होती, आणि झारखंडात ती पुष्कळशी बंद झाली. मला वाटते, लोकसेवेतील तंत्राविषयी गेल्या वीस वर्षांत आपला देश जे काही शिकला त्याचा मथितार्थ या दोन निष्कर्षांत सामावला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २०१८ साली कल्याणकारी योजनांपुरती आधारची सक्ती कायम ठेवली. पण कायद्याने संमत झालेली सक्ती दुकानाच्या उंबऱ्यावर माणुसकीने राबविली जाते की नाही, हे न्यायालयाला रोज पाहता येत नाही.

याच साधनाने केलेले हितही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत, आणि तिकडे आंध्र व तेलंगणात, एकाची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालू लागली, आणि २०२२ पर्यंत सारी राज्ये त्यात आली. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दर हंगामास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा विचार करा: वर्षातील पाच-सहा महिने त्यांच्या नावचे धान्य गावच्या दुकानात निघत असे आणि ते स्वतः फडावर विकतचे खात असत. आता म्हातारी माणसे गावी आपला वाटा उचलू शकतात आणि जोडपे कारखान्याच्या गावी आपला. हे कार्य संगणकावाचून अशक्य होते. पण ज्या हातांनी दिवसभर कोयता चालविला त्यांच्या बोटांवरील रेषा यंत्राला वाचता येत नाहीत, ही गोष्टही त्याच फडावर घडते. तेव्हा ठसा न उमटल्यास डोळ्यांच्या बुबुळावरून, फोनवर आलेल्या क्रमांकावरून, आणि तेही न साधल्यास नोंदवहीतील सहीवरून धान्य देण्याचे बंधन दुकानदारावर असले पाहिजे, आणि त्या दिवशी किती जणांना परत पाठविले याची नोंद तालुक्यास रोज गेली पाहिजे.

कोविडच्या काळात हाच धडा शहरांना मिळाला. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाच्या लसीकरणासाठी कोविन संकेतस्थळावर आधी नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा वेगवान इंटरनेट असलेली शहरी मंडळी आसपासच्या ग्रामीण केंद्रांवरील जागा पटकावू लागली आणि त्या गावचे रहिवासी तिष्ठत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेवर बोट ठेवले, आणि पुढे केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करण्याची मुभा सर्वत्र देण्यात आली. त्या दुरुस्तीनंतर तीच प्रणाली कोट्यवधी लोकांना प्रमाणपत्र देण्याच्या कामी उत्तम उपयोगी पडली.

अनुमान करणारे यंत्र

आता आपण सर्वांत नव्या आणि सर्वांत धोक्याच्या पायरीवर येतो. येथवर यंत्र मोजत होते, जपून ठेवत होते, ओळखत होते. आता ते अनुमान करू लागले आहे. हा अर्जदार खोटा असावा, हे कुटुंब अपात्र असावे, असे शेरे कृत्रिम बुद्धिमत्ता मारू लागली की कारकुनाच्या लेखणीतील सत्ता तिच्याकडे जाते, आणि तिला चावडीवर उभे करून जाब विचारता येत नाही.

अत्यंत सुव्यवस्थित शासनेही येथे घसरली आहेत. नेदर्लंड्सच्या करखात्याने पाळणाघराच्या अनुदानातील लबाडी शोधण्यासाठी जोखीम मापणारी प्रणाली वापरली. दुहेरी नागरिकत्व हेही संशयाचे एक लक्षण धरले गेले, आणि अर्जातील बारीकसारीक त्रुटींवरून हजारो कुटुंबांकडून संपूर्ण अनुदान परत मागण्यात आले. वीस हजारांहून अधिक पालक नाहक कर्जबाजारी झाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून, अमुक पंधरवड्यात तू जास्त भत्ता घेतलास, अशा वसुलीच्या नोटिसा यंत्राने धाडल्या. ज्याचे काम हंगामी, त्याची सरासरी नेहमी खोटी असते, हे साधे सत्य त्या हिशेबात नव्हते. सुमारे ४,७०,००० वसुल्या मागे घ्याव्या लागल्या, आणि २०२३ साली शाही चौकशी आयोगाने त्या योजनेवर अतिशय कठोर ताशेरे ओढले. दोन्ही ठिकाणी पहिला अन्याय यंत्राचा होता, पण मोठा अन्याय असा की निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार नागरिकावर टाकला गेला आणि त्याचे ऐकून घेण्याचा अधिकार असलेला माणूस त्याला वर्षानुवर्षे भेटला नाही.

एस्टोनियाचे उदाहरण याच्या समोर ठेवावे. सुमारे तेरा लाख वस्तीच्या त्या देशाने २००१ साली निरनिराळ्या खात्यांची दप्तरे परस्परांना जोडणारी व्यवस्था उभारली आणि २००२ साली नागरिकांना डिजिटल ओळखपत्रे दिली. एकदा शासनास दिलेली माहिती शासनाने पुन्हा मागू नये, असे तत्त्व तेथे रुजले. आणि आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने केव्हा पाहिली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. २०१७ साली लक्षावधी ओळखपत्रांतील चकतीत सुरक्षेचा दोष आढळला, तेव्हा सरकारने तो जाहीरपणे सांगितला, सदोष प्रमाणपत्रे तात्पुरती स्थगित केली आणि दुरुस्ती केली. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्यापेक्षाही लहान असलेल्या देशाची व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही हे खरे. परंतु शासनाने नागरिकाकडे पाहावे तसे नागरिकालाही शासनाकडे पाहता यावे, हे तत्त्व लोकसंख्येवर अवलंबून नाही.

तरीही या नव्या बुद्धीचा निषेध करणे मला मान्य नाही, कारण भाषेच्या क्षेत्रात तिचे उपकार मोठे ठरू शकतात. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा; तरी आजही कित्येक अर्जप्रणाली आणि त्यांतील त्रुटीचे शेरे इंग्रजीत असतात, आणि सामान्य माणूस झेरॉक्सच्या दुकानदाराला पैसे देऊन ते भरून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या भाषांतरासाठी २०१९ साली जी प्रणाली आणली तिच्यात मराठी आहे. २०२२ साली केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. निरक्षर शेतकरणीने आपल्या बोलीत प्रश्न विचारावा आणि तिला आपल्या अर्जाची स्थिती कानांनी ऐकता यावी, याहून लोकशाहीला उपकारक असे काम यंत्राला क्वचितच मिळेल. मात्र गोंडी, कोरकू, पावरी या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत, आणि गडचिरोली, मेळघाट व सातपुड्यातील ज्या माणसाला शासनाची भाषा सर्वांत परकी आहे, त्याच्यापर्यंत हे साधन सर्वांत शेवटी पोचेल असे दिसते. हा क्रम उलटा करणे शासनाच्या हाती आहे. यंत्राने समजावून सांगावे, अर्ज भरण्यास हात द्यावा, रखडलेली प्रकरणे वरिष्ठांच्या नजरेस आणावीत. पण कोणाचा हक्क नाकारावयाचा असेल तर तो नकार सही करणाऱ्या माणसानेच द्यावा.

दाद

आपल्याकडे दादेचा कायदेशीर पाया तयार आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवेला मुदत घालून दिली, पदनिर्देशित अधिकारी ठरवून दिला, प्रथम व द्वितीय अपील दिले, त्यावर आयोग बसविला, आणि कसुरीबद्दल ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. परंतु हे कायदे रचले गेले तेव्हा नकार देणारा नेहमी माणूस असेल असे गृहीत होते. आज अर्जदाराला उत्तर मिळते की सर्व्हर डाऊन आहे, ठसा जुळत नाही, आधारातील नाव आणि उताऱ्यातील नाव एक नाही. आणि ज्याच्या विरुद्ध अपील करावे असा निर्णयच कागदावर उमटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानेही शासनाच्या यंत्रणांना सवलतीची मोठी वाट ठेवली असून माहितीच्या अधिकारातील एका महत्त्वाच्या कलमाचा संकोच केला आहे.

म्हणून सुधारणेचा आरंभ एका छोट्या दुरुस्तीपासून व्हावा असे मला सुचवावेसे वाटते: यंत्राने दिलेला नकार, आणि यंत्र बंद असल्याने घडलेली दिरंगाई, ही पदनिर्देशित अधिकाऱ्यानेच केलेली कृती आहे असे लोकसेवा हक्क कायद्याने मानावे. एवढे झाले की बाकीच्या गोष्टी आपोआप रुळावर येऊ लागतील. नकाराबरोबर मराठीत कारण, अधिकाऱ्याचे नाव आणि अपिलाचा पत्ता असलेला कागद देणे त्यालाच हिताचे वाटेल. सदोष प्रणाली विकणाऱ्या कंत्राटदाराविरुद्ध पहिली तक्रार तोच करील. चालत्या कामाचा बोजा संगणकाबरोबर माणसांनीही उचलावा म्हणून पर्यायी खिडकी तो बंद होऊ देणार नाही. आणि नवी प्रणाली आणण्यापूर्वी ती एखाद्या तालुक्यात तपासून, तिच्या चुका जाहीर करून, चावडी वाचनासारख्या उघड पडताळणीतून नेण्याचा आग्रह तोच वरिष्ठांकडे धरील. जबाबदारी ज्याच्या शिरावर, काळजी त्याच्या मनात, हा राज्यकारभाराचा जुनाच न्याय आहे.

याच्या जोडीला प्रत्येक खात्याच्या वार्षिक अहवालात, किती सेवा ऑनलाईन झाल्या आणि किती कोटी व्यवहार झाले या आकड्यांपूर्वी आणखी तीन आकडे छापले जावेत: किती अर्ज यंत्राने नाकारले, त्यांपैकी किती नकार चुकीचे ठरले, आणि ती चूक दुरुस्त होण्यास सरासरी किती दिवस लागले. हे आकडे जिल्हावार आणि तालुकावार मिळाले म्हणजे कोठे ठसे उमटत नाहीत, कोठे वारसनोंदी तुंबल्या आहेत, कोणत्या पाड्यावर भाषेची भिंत आहे, हे शासनालाच प्रथम कळेल, आणि पुढचा पैसा कोठे खर्चावा याचा निर्णय प्रदर्शनातील नवलाईवरून न होता लोकांच्या अडचणीवरून होईल. ज्यांचे काम एका बटणावर झाले त्यांचे समाधान आपण पुरेसे मोजले आहे. ज्यांना परत पाठविले गेले त्यांची मोजणी अद्याप व्हावयाची आहे, आणि नव्या तंत्राने करावयाचे सर्वांत निकडीचे लोकसेवेचे काम तेच आहे.